घडलेलीच वाक्यं

बालाघाट
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

अहो,

नमस्कार. पत्राच्या वर 'साष्टांग' लिहिलं की तुम्ही हसायचे, म्हणून साधाच नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे पावसानं धरलेत, जीभ मात्र तशीच चालते. मयुरी ग्रॅज्युएट झाली. माझ्यापेक्षा उंच आहे आता, माझी साडी नेसली की तिचे घोटे उघडे पडतात. मोठ्या मोतीभाऊजींचं धान यंदा चांगलं आहे. परसातल्या सीताफळाला फळं धरलीत, डोळे अजून उघडायचेत. तुमची मोटरसायकल छपरीतच आहे. मयुरी दर रविवारी तिला किक मारते, थोडा वेळ आवाज ऐकते आणि बंद करते.

खरी बातमी अशी की जबलपूरच्या प्रकाशकांचा फोन आला होता. आपलं पुस्तक पुन्हा छापायचं म्हणतात. 'अंग्रेज़ी के पुराने शब्द : अर्थ एवं प्रयोग'. एम.ए.च्या पोरांना अजून तेच लागतं. नवीन गाइडं खूप आली, पण त्यांतली वाक्यं पाठ होत नाहीत, असं दुकानदारच सांगतात.

पाठ होणारच नाहीत. ती खोटी आहेत.

तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला मी वाक्यं जुन्या पुस्तकांतूनच उचलत होते. राजे, किल्ले, धुकं, तलवारी. तुम्ही शनिवारचे बिरसाच्या शाळेतून आलेले, छपरीत पाय पसरून शिंगाडे सोलत होता. चार वाक्यं ऐकलीत आणि म्हणालात, "लले, हे पोरं लांजी-किरनापूरचे. यायनं घोडा पाह्यला तो नवरदेवाखालचा. आपल्या घरचं वाक्य दे ना."

मी म्हटलं, विद्यापीठाला चालेल का?

"विद्यापीठ का शिंगाडे खात नाही?"

आणि मग तुम्ही नियम घातलात. जे झालं नाही ते लिहायचं नाही. मी शब्द आणि अर्थ वाचायची, तुम्ही घरातली, गल्लीतली, गाडीतली घडलेली गोष्ट सांगायचे, मी तिचं इंग्रजी करायची. दोन हिवाळे त्यातच गेले. 'टॅरी', म्हणजे रेंगाळणे : कटंगीची गाडी वारासिवनीला टॅरी करते आणि माझा नवरा पुन्हा चहाला उतरतो. 'बिट्विक्स्ट', म्हणजे दोघांच्या मध्ये : आई आणि बायकोच्या बिट्विक्स्ट जेवायला बसलेला माणूस वरण कुणाचं चांगलं ते सांगत नाही. 'हार्क', म्हणजे कान दे : हार्क, सासूबाई उठल्या, चहाचं आधण ठेव. आणि 'बिहोल्ड', म्हणजे पाहा. ते वाक्य माझं होतं. मुलगी बघायला आलेल्या मुलाचे मुलीनं आधी कान बिहोल्ड केले, मग मुलगा. त्यावर तुम्ही दोन्ही कान धरून म्हणालात, "हे छापशील तं मी शाळेत कसा जाऊ?" छापलंच. बिरसाची पोरं तुम्हाला मागून 'बिहोल्ड सर' म्हणायची, हे तुम्हीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलंत.

क्लासमध्ये शीला नावाची एक मुलगी आहे, नवीन, हट्टा गावची. काल पुस्तक उघडून म्हणाली, "मॅडम, ये हर वाक्य में चाय कौन पीता है?"

बाकीची पोरं हसली. मी पण हसले. मग फळ्याकडे वळून बराच वेळ 'हिदर' आणि 'थिदर' लिहीत राहिले. इकडे, तिकडे. तेवढेच दोन शब्द.

प्रकाशकांना नव्या आवृत्तीत काही शब्द वाढवून हवे आहेत, जे आता अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्यांत येतात. यादी पाठवली आहे. बहुतेक सोपे आहेत, करून टाकले. एक राहिला आहे. रिलिक्ट.

हा शब्द आपण एकदा मुद्दाम गाळला होता. तिरोडीला तुमच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो, परत स्टेशनकडे येताना वाटेत झुडपात इंग्रजांच्या काळातली दोन-तीन थडगी होती. एका दगडावरचं शेवाळ तुम्ही चपलेनं, मग लाज वाटून हातानं खरवडलंत. कुण्या साहेबाच्या बाईचं थडगं. नावाखाली लिहिलं होतं, अमक्याची रिलिक्ट. तुम्ही विचारलंत, हे का हाय? मी सांगितलं, जुन्या इंग्रजीत विधवेला म्हणायचे. मूळ अर्थ मागे राहिलेली. माणूस निघून गेल्यावर जे उरतं ते. जुन्या कादंबऱ्यांत हा शब्द जरा खवचटपणे येतो, श्रीमंत, लठ्ठ, तोंडाळ बायकांसाठी. दगडावर मात्र तो साधा असतो.

मी आनंदानं म्हटलं, चांगला सापडला, पुस्तकात घालू.

तुम्ही हात पुसत म्हणालात, "कसा घालशीन? आपला नियम हाय ना. झालं असन तेच लिहाचं."

"कुणाचंही घेऊ. शेजारच्या काकूंचं घेऊ."

"नाही लले. दुसऱ्याचं दुःख आपल्या पुस्तकात काहून? राहू दे तो शब्द."

राहू दिला. तुम्ही स्टेशनवर चहा घेतला, मला भजी घेऊन दिली. त्या संध्याकाळी मी इतकी सुखी होते की मला ते कळलंही नाही.

आता तो शब्द यादीत आहे आणि प्रकाशक म्हणतात, मॅडम, बस एक वाक्य. आणखी एक विचारत होते. मुखपृष्ठावर सरांच्या नावाआधी काय लावायचं? बिचारे फार हळू आवाजात विचारत होते. मी म्हटलं, सोमवारनंतर सांगते.

सोमवारी मला कोर्टात जायचं आहे.

लिहून टाकलं. मघापासून शिंगाडे आणि सीताफळं लिहिते आहे ती ह्याच्यासाठीच.

गीता वकील आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं सगळे कागद केले आहेत. मला फक्त उभं राहून शपथेवर सांगायचं आहे, की तुम्हाला जाऊन सात वर्षं उलटली, तुमची काही खबर नाही, आणि म्हणून तुम्ही... तिनं ते वाक्य मला वाचून दाखवलं. कायद्यात असं आहे म्हणे, की माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची बातमी स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना ती सात वर्षं कळली नाही तर तो गेला असं धरता येतं. मी तिला विचारलं, तो 'स्वाभाविकपणे' शब्द कायद्यातच आहे? ती म्हणाली, हो मॅडम. मला त्या शब्दाचं फार लागलं. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की तुम्ही असता तर मला कळवलंच असतं.

मयुरीसाठी आहे हे सगळं. तुमच्या खात्यात तिला नोकरी मिळू शकते, अनुकंपा म्हणतात. पण त्याला तुमचा दाखला लागतो. आणि त्याची मुदत आता संपत आली. ती माझ्या मागे लागत नाही. एकदाच म्हणाली, "मम्मी, मुझे नौकरी नहीं भी चाहिए, तो भी कभी तो बोलना पड़ेगा ना?" आणि गॅसवरचं दूध उतरवायला गेली.

भाऊजींचं म्हणणं, कोर्टात सांगून झालं की ह्याच पितृपक्षात उरलेलंही करून टाकावं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मी ऐकून घेतलं. आईंना यातलं काहीच सांगितलेलं नाही. सात वर्षं त्यांनी संध्याकाळी दाराला कडी लावू दिली नाही, दिवे लागल्यावर नुसतं लोटून ठेवतात. त्यांच्यासमोर मी हे कुठल्या तोंडानं सांगू?

तुमची मोटरसायकल नाल्यावरच्या रपट्याच्या अलीकडे उभी होती. स्टँडवर, नीट. डबा हँडलला लटकलेला, आत धुतलेला. नाल्याचं पाणी रपट्यावरून वाहत होतं. पोलीस म्हणाले, पाण्याचा अंदाज घ्यायला उतरले असतील. भाऊजींनी खालपर्यंत दोन्ही काठ पालथे घातले. काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही. मग लोक बोलायला लागले. कुणी म्हणे मलाजखंडच्या कुठल्याशा बाईबरोबर रायपूरला गेले. कुणी तुम्हाला डोंगरगढला चहाच्या टपरीवर पाहिलं. मी आणि भाऊजी डोंगरगढला जाऊन आलो. होता तिथे एक माणूस. कान थेट तुमचे. मागून पाहून मी जवळ गेले. तो वळला आणि मला म्हणाला, "क्या चाहिए बहनजी?"

हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. त्या बाईची गोष्ट खरी असावी असं मला फार वाटायचं. तुम्ही रायपूरला कुणाच्या घरी शिंगाडे सोलत बसलेले असावेत. तिनं तुमच्यासाठी चहा टाकलेला असावा. मी तिचा चेहरासुद्धा ठरवला होता. कुठली बायको अशी प्रार्थना करते?

रविवारपर्यंत वाट बघते. हे पत्र नेहमीसारखं बिरसाच्या खोलीच्या पत्त्यावर टाकते. तिथे आता दुसरे गुरुजी राहतात. ते पत्रं परत पाठवत नाहीत, एवढं त्यांचं मोठं मन.

सोमवारच्या आत या.

तुमची,
ललिता


बालाघाट
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

अहो,

नमस्कार. आईंचे गुडघे तसेच आहेत. सीताफळांनी डोळे उघडले, पहिलं मयुरीनं खाल्लं. काल सर्वपित्री झाली.

क्रमानं सांगते, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

त्या रविवारी मी दिवसभर दाराकडे पाहत होते. संध्याकाळी आई छपरीत बसल्या होत्या, मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते. डोकं खाली घालून. त्याच म्हणाल्या, "उद्या कोर्टात जाऊन राह्यली ना तू?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"काहून लपवून राह्यली? मोतीनं सांगतलं मले. माह्यापासून लपवाले मी का पोलीस हाव?"

मी म्हटलं, आई, तुम्ही नाही म्हणा, मी नाही जाणार. मयुरीचं आपण दुसरं काही पाहू.

"मी काहून नाही म्हणन?" त्यांनी गुडघा सरळ केला. मग म्हणाल्या, "लले, सात पितृपक्ष झाले. साऱ्या गावाच्या मेलेल्यायले त्यायच्या पोरायनं पाणी देल्लं. माह्या दुल्याले कोणी देल्लं नाही. आता मले सांग. तो जिता असन, तं आपण पाणी देल्ल्यानं मरन का?"

मी मान हलवली.

"आन् मेला असन तं?"

मी पुन्हा तेल लावायला लागले.

"मेला असन तं तहानला हाय तो," त्या म्हणाल्या. "पाण्यात गेला, आन् सात वर्सं तहानला हाय. दे त्याले पाणी."

मग मला म्हणाल्या, तेल पुरे, चहा टाक. मी सात वर्षं त्यांना सांभाळते आहे असं मला वाटत होतं. दार कुणासाठी उघडं होतं, हे मी कधी नीट विचारलंच नाही. जिवंत मुलगा दार वाजवतो. कडी न वाजवता कोण येतं, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

कोर्टात फार वेळ लागला नाही. भाऊजी, गीता, मी. साहेब हळू बोलणारे होते. विचारलं, "आखिरी बार आपसे क्या कहा था उन्होंने?"

मी म्हटलं, "येऊन राह्यलो."

त्यांनी पाहिलं. गीतानं हिंदीत सांगितलं. टाइप करणाऱ्यानं टाइप केलं, 'मैं आ रहा हूँ।' पडद्यावर ते वाक्य किती साधं दिसत होतं. त्यांना कसं सांगू, की आमच्याकडे हे वाक्य फोनवर म्हणणारा माणूस अजून उठलेलाही नसतो?

आपल्या पुस्तकात 'अनॉन'ला तुम्ही हेच दिलं होतं. मी सांगत होते, की हा शब्द फार जुना, त्याचा अर्थ आधी 'ताबडतोब' असा होता. जुन्या नाटकांत खानावळीतला पोऱ्या हाक आली की अनॉन ओरडतो आणि येत काही नाही. लोक अनॉन म्हणून इतका उशीर करत राहिले, की हळूहळू शब्दाचाच अर्थ बदलला, 'थोड्या वेळानं' असा झाला. तुम्ही शिंगाड्याचं साल माझ्या अंगावर टाकून म्हणालात, "आपलं येऊन राह्यलो!" आणि वाक्य झालं. नवरा म्हणाला अनॉन येतो, आणि त्यानं आणखी एक कप चहा मागितला. पिंजऱ्यात उभी असताना मला ते वाक्य आठवलं आणि एक गोष्ट तेव्हाच कळली. सगळ्या जन्मात तुम्ही 'येऊन राह्यलो' खोटं म्हणालात. त्या शनिवारी तेवढं खरं होतं. तुम्ही खरंच निघाला होतात. डबा धुऊन, गाडी काढून, रपट्यापर्यंत आला होतात.

माझ्या मनातली रायपूरची बाई तिथेच मेली. मी सांगितलं, हो, मला माहीत आहे ते आता नाहीत. सही केली. गीता रडली, मी नाही. बाहेर भाऊजींनी उसाचा रस दिला, तो प्याले.

निकाल दिवाळीच्या आसपास येईल म्हणतात. आई थांबायला तयार नव्हत्या. काल सकाळी भाऊजी गावाहून पळसाची पानं घेऊन आले, देठांसकट, ओली. आंगणात पाट मांडला. भटजी सांगत होते तसं देठांची हाडं, पानांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. मी तुमचा निळा शर्ट दिला, ज्याच्या खिशाला शाईचा डाग आहे. दुसरा द्यावा असं आधी वाटलं होतं. पण तो निळा शर्ट घातल्यावर त्या पानांचे खांदे एकदम तुमचे झाले, थोडे पुढे झुकलेले. मयुरी उठून आत गेली आणि तोंड धुऊन परत आली.

आई पायरीवर बसून पाहत होत्या. भटजी मंत्र सुरू करणार, तेवढ्यात म्हणाल्या, "थांबा."

भाऊजी म्हणाले, "आता का झालं, आई?"

"हा दुल्या नाही. याले कान नाही."

भाऊजी म्हणाले, "आई, असे नसते करत त्यात."

"तू चूप बस. त्याचे कान म्याच केले होते, तुह्यापेक्षा मले माहीत."

तसल्या गुडघ्यांनी त्या तीन पायऱ्या बसत बसत उतरल्या. पानांतून दोन मोठी पानं निवडली. बोटांनी दुमडली, एकेक नारळाच्या शेंडीखाली खोचली. मग जरा मागे होऊन पाहिलं, आणि डावा कान थोडा आणखी बाहेर ओढला. तुमचा डावा होताच तसा. मी इतकी वर्षं शेजारी झोपून कधी लक्षात घेतलं नव्हतं, की दोन्हींत फरक आहे.

"आता करा," त्या म्हणाल्या.

मी त्याच वेळी रडले. मोठ्यानं. सात वर्षांत पहिल्यांदा मला समोर बघायला तुम्ही होता.

अग्नी कुणी द्यायचा यावरून भाऊजी थोडे अडखळले. "पोरीनं?" असं म्हणाले, वाईट मनानं नाही. आई म्हणाल्या, "त्याची गाडी इतके वर्सं कोणी चालू ठेवली? तूनं?" मग भाऊजींनी तिलाच पुढे केलं. वैनगंगेच्या काठावर मयुरीनं दिला. पळसाची ओली पानं लवकर पेटत नाहीत, धूर फार होतो. ती खोकत, डोळे पुसत तिथेच उभी राहिली. परत येताना मला म्हणाली, "पापा को मैं ठीक से याद नहीं कर पाती थी, मम्मी. आज कान देखे तो सब याद आ गया."

घरी आलो तर आई दाराशी होत्या. आम्ही आत आल्यावर त्यांनी कडी लावली. सात वर्षांनी तिचा आवाज ऐकला. गंजली आहे, दोनदा ओढावी लागली.

आज सकाळी मी प्रकाशकांना फोन केला. त्यांची एक सूचना होती, की नव्या आवृत्तीत ही घरगुती वाक्यं काढून मोठमोठ्या लेखकांची घालू. मी म्हटलं, एकही बदलायचं नाही. सर चहा पीत राहतील. आणि नावाआधी काही लावू नका, श्रीही नको आणि दुसरंही नको. नुसतं नाव. ज्याला विचारायचं असेल ते पोरगं मला विचारेल, मी सांगेन. दुपारी क्लासमध्ये शीलाला सांगितलंच. "वो चाय पीने वाले मेरे पति थे." पोरगी उभी राहिली, सॉरी मॅडम म्हणाली. मी म्हटलं, सॉरी कशाचं, वाक्य पाठ झालं ना? तिनं न बघता म्हणून दाखवलं. कटंगीची गाडी, वारासिवनी, चहा. एक शब्द चुकला नाही.

मग घरी येऊन राहिलेला शब्द केला. पहिल्यांदा एकटीनं. तुम्ही गोष्ट सांगणार आणि मी इंग्रजी करणार, ही सवय. बराच वेळ छपरीत तुमच्या जागेकडे पाहत बसले. नियम तुमचाच, तो मोडला नाही. घडलेलंच लिहिलं आहे, आज सकाळीच घडलेलं. तुम्हाला आधी वाचून दाखवते, मग जबलपूरला पाठवते.

रिलिक्ट. जुना शब्द. विधवा, माणूस गेल्यावर मागे राहिलेली. थडग्यांवर आणि जुन्या कादंबऱ्यांत आढळतो. वाक्य : दुलीचंदची रिलिक्ट अजूनही चहा एक कप जास्त टाकते आणि मग तो सासूबाईंना देते.

बरं झालंय का? इंग्रजीत बरं वाटतं. आई म्हणाल्या, आता रोज दोन कप पिऊन पिऊन मलेच पित्त होईन.

हे पत्र बिरसाला टाकणार नाही. त्या गुरुजींना आता पुरे. उद्या नदीवर जाईन तेव्हा बरोबर नेईन.

एक राहिलं. 'दाउ' शब्द केला होता तो दिवस आठवतो? मी सांगितलं, जुन्या इंग्रजीत जवळच्या माणसाला म्हणायचा 'तू', देवाला आणि प्रियकराला. तुम्ही म्हणालात, मंग मले म्हण ना एकदा, इंग्रजीत म्हण, आईले का समजते? आमगावहून निघताना माझ्या आईनं बजावलं होतं, नवऱ्याला अरे-तुरे करायचं नाही. मी इकडेतिकडे पाहून म्हटलं, 'दाउ आर्ट अ फूल.' तुम्ही इतके खूश झालात की शेजारी जाऊन सांगून आलात, बायकोनं मले मूर्ख म्हटलं.

मराठीत कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

तू रपट्यापर्यंत आलास, तेवढं मला पुरेल. पुढचं मी चालते. मयुरीला नोकरीवर रुजू झालेलं पाहायचं आहे. आईंना शेवटपर्यंत न्यायचं आहे. पुस्तकाची प्रुफं यायची आहेत. तिकडे बसून वाट बघून चिडू नकोस. मी येऊन राह्यली. आपल्याकडे असं म्हणणारं माणूस अजून चहाच पीत असतं, हे तुला सांगायला नको.

तुझी,
मागे राहिलेली,
लली